दहा वर्षं बंद असलेलं जुनं वॉशर-ड्रायर पुन्हा चालू करण्यात अर्थ आहे का?

तुमचं 1990च्या दशकातलं, परदेशातून आणलेलं 230 व्होल्टचं फ्रंट लोड वॉशर-ड्रायर दादरच्या बाल्कनीत दहा वर्षं पडून आहे, चालू करताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) पडतो, आणि त्यावर पैसे घालावेत का असं तुम्ही विचारलंय. विजेचं नंतर बघू, आधी ड्रम बघा.

प्लग काढा, मागचं झाकण उघडा, पट्टा उतरवा. पुढून ड्रमची कड धरून वर-खाली हलवा आणि घरातल्या कुणाला तरी मागे पुलीवर (पट्टा बसतो त्या चाकावर) लक्ष ठेवायला सांगा. पुलीही डुलली तर बेअरिंग गेलंय. पुली जागच्या जागी आणि ड्रम मात्र लटपटतोय, तर ड्रमच्या पाठचा तीन पायांचा स्पायडर मोडलाय. स्पायडर ॲल्युमिनियमचा, ड्रम स्टीलचा. सांध्यात साबणाचं पाणी मुरलं की ॲल्युमिनियम खात जातं आणि त्यावर पांढरट खपली धरते. टॉर्च मारून ड्रमच्या भोकांतून बघा, दिसते. एवढ्या जुन्या मॉडेलचा स्पायडर मिळणं कठीण, त्यामुळे तो मोडला असेल तर सरळ भंगारवाल्याला बोलवा.

बेअरिंगचं मात्र टेन्शन घेऊ नका. 6205, 6206 असा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतं. ऑइल सील (बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारी रबरी रिंग) जुनी सोबत नेऊन मापाची घ्या आणि ती बदलाच. बेअरिंग बहुतेक वेळा गळक्या सीलमुळेच गंजतं. नवं बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर ठोका. आतल्या रिंगवर ठोकलंत तर गोळ्यांना खड्डे पडतात आणि महिन्याभरात घरघर पुन्हा सुरू.

आता आरसीसीबी. हीटर दोन असतात, एक टबच्या तळाशी, दुसरा वाळवण्याच्या हवेच्या मार्गात. त्यांच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते आणि आपल्या पावसाळ्यात ती ओल धरते, मग करंट बॉडीत गळतो आणि आरसीसीबी पडतो. दोन्ही हीटरच्या वायरी सोडवा (नाहीतर मेगरच्या व्होल्टेजनं मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडेल) आणि 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) टर्मिनल ते नळी मोजा. 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर हीटर काढून ओव्हनमध्ये 110 अंशांवर तीन-चार तास ठेवा, गार झाल्यावर परत मोजा. बरेचदा एवढ्यानं भागतं. नळी फुगली किंवा चिरली असेल तर हीटर बदला. साध्या मल्टिमीटरनं हे कळणार नाही: त्यावर 2000 वॉटचा हीटर 26 ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत दिसेल आणि तरीही त्यातून करंट गळत असेल. हीटर ठीक निघाले तर मोटर बघा; कार्बन ब्रशची काळी भुकटी साचूनही करंट बॉडीत उतरतो.

दाराचं रबर, पट्टा, पंपाची जाळी ही किरकोळ कामं, एका दुपारची.

वाळवण होत नसेल तर पंख्याचं घर उघडा. आत कपड्यांच्या तंतूंचा नमद्यासारखा थर सापडेल. पंखा अडकला की हीटर फार तापतो आणि कटआउट (जास्त तापल्यावर हीटर बंद करणारा स्विच) उडतो. मिस्त्री तो कटआउट ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे वगळून वायर थेट जोडतो म्हणाला तर त्याला घराबाहेर काढा, तंतू पेट घेतात. शिवाय अशा बऱ्याच मशीनमध्ये वाफ गार करायला थंड पाणी लागतं, म्हणून वाळवतानाही नळ उघडा हवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, तेव्हा वाळवण सकाळी लावा आणि ड्रममध्ये धुण्याच्या निम्मेच कपडे ठेवा.