विचारा की! : 'रहिऐरोली' म्हणजे कोण?

प्रश्न : ताई, आमची सोसायटी ऐरोलीत. नियमावली नव्याने करायची होती म्हणून वाशीच्या मित्राकडून त्यांची वर्डची फाइल घेतली, रिप्लेस ऑल करून सगळीकडे वाशीचं ऐरोली केलं, प्रिंट काढून वाटल्यासुद्धा, आणि आता लिफ्टमध्ये लोक मला 'काय रहिऐरोली, कसं काय' म्हणतात. माझं चुकलं काय? (वैतागलेला सेक्रेटरी)

उत्तर : आधी पोटभर हसून घेतलं, माफ करा. अहो, 'रहिवाशी'च्या पोटात वाशी आहे, 'प्रवाशी'च्याही आहे, आणि कॉम्प्युटरला शब्द कळत नाही, नुसती अक्षरांची रांग दिसते, मग जिथे ती रांग दिसली तिथे त्याने बिचाऱ्याने बदललं. ('रहिवासी' असं लिहिलं असतंत तर वाचला असतात!) त्याच क्षणी एकदा कंट्रोल झेड मारलं असतं तर सगळे बदल एका फटक्यात रद्द झाले असते, सेव्ह केल्यावरही चालतं ते, पण फाइल बंद केली की गेलं. आता ऐरोलीचं पुन्हा वाशी करायला मात्र जाऊ नका, नाहीतर तुमची सोसायटीच वाशीला जाईल. कंट्रोल एच दाबा, वरच्या खोक्यात 'रहिऐरोली', खालच्या खोक्यात 'रहिवाशी' लिहून रिप्लेस ऑल करा, मग तसंच 'प्रऐरोली'चं करा.

पुढच्या वेळी वरच्या खोक्यात आधी एक स्पेस आणि मग वाशी, खालच्या खोक्यातही स्पेस आणि मग ऐरोली. असं केलं की रहिवाशी सुटतो आणि 'वाशीला', 'वाशीतल्या' बरोबर सापडतात. परिच्छेदाच्या सुरुवातीची किंवा कंसाला चिकटलेली वाशी यात राहून जाते, ती फाइंड नेक्स्ट करत एकेक बघून बदलायची, कंटाळा आला तरी. आणि तुमचं नशीब की वाशी आणि ऐरोली दोन्ही ईकारान्त, प्रत्यय तसेच बसले. ठाणे असतं तर 'ठाणे' शोधून 'ठाण्यात', 'ठाण्याचा' सापडलंच नसतं, 'ठाण्या' टाकून वेगळं शोधावं लागलं असतं.

प्रश्न : एक वेलांटी चुकली म्हणून डिलीट दाबते तर आख्खं अक्षरच जातं, परत सगळं टाइप करा! (आजी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आजी, डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर खातं, बॅकस्पेस मात्र मागून एकेक तुकडा काढतं. 'स्त्री' लिहिलंत, कर्सर तिच्या उजवीकडे ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबा, फक्त वेलांटी जाईल, 'स्त्र' राहील. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आपण कर्सर डावीकडे नेतो आणि फसतो, पण युनिकोडमध्ये (म्हणजे हल्ली फोन-कॉम्प्युटरवर मराठी साठवायची पद्धत) ती अक्षराच्या नंतरच साठवलेली असते, म्हणून तीही उजवीकडूनच खोडायची. (डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टचं गणित वेगळं, तिथे हे लावू नका.)

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप, वेबसाइटवरून कॉपी केलं की रंग, फॉन्ट, पट्टे सगळं सोबत येतं. (घणसोली)

उत्तर : वर्डमध्ये पेस्ट करताना राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा, नुसता मजकूर येईल.