वाचकांचे प्रश्न : गुरुजींनी राजकारणात किती पडावं?

प्रश्न : शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून माझं पहिलंच वर्ष आहे. पहिली ते पाचवी, पट 84, शिक्षक दोनच. गावातली मुलं म्हणतात, ‘गुरुजी, पुढाकार घ्या.’ एका पक्षाच्या सभेचंही बोलावणं आलंय. कुठवर जावं?
– एक शिक्षणसेवक

उत्तर : सभेला जाऊ नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या 1967च्या वर्तणूक नियमांत पक्षकार्य आणि प्रचार बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सहज पुढे पाठवलेली पोस्टही अंगाशी येते. तक्रारदाराला एक स्क्रीनशॉट पुरतो. शिक्षणसेवकाची, म्हणजे कायम होण्याआधीची मानधनावरची, तीन वर्षं पुरी व्हायची असताना हे ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

तिसरा शिक्षक मागणं मात्र कुठल्या पक्षाचं काम नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत 61 ते 90 पटाला तीन शिक्षक सांगितले आहेत. मागणी तुमच्या एकट्याच्या सहीने नको, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने जाऊ द्या. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, समितीत निम्म्या महिला. बहुतेक ठराव ‘शिक्षक मिळावा’ एवढ्यावरच संपतात आणि फायलीत पडून राहतात. इयत्तावार पट, मंजूर पदं, कार्यरत पदं आणि पद कधीपासून रिक्त आहे, हे प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आकड्यांत लिहा. सूचक, अनुमोदक, सह्या. एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, दुसरी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक). दोन्हींवर पोच घ्याच. ग्रामसभेत बोलायला आयाबापे उभे राहिले पाहिजेत, तुम्ही आकडे हाताशी ठेवा. शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे पेसा या आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा झालेली असेल तर तिथेही ठराव घ्या.

इतकं करूनही पद मिळत नाही, त्याचं कारण अनेकदा मुलांच्या आधार कार्डात सापडतं. संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार जुळलेलाच पट धरतात. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत (जनरल रजिस्टर) एक नाव आणि आधारवर दुसरं, जन्मतारखेत फरक, की ते मूल गणतीतून गेलं. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं यात जास्त अडकतात. त्यांची कागदपत्रं दिवाळीआधी, घरं गावात असतानाच दुरुस्त करून घ्या.

आणि शाळाबाह्य कामांचं : जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन टाळता येत नाहीत. मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलं आहे. तोंडी आदेश आला तर लेखी मागा. विधानसभा-लोकसभेला ड्यूटी लागली तर प्रशिक्षणातच टपाली मतपत्रिकेचा फॉर्म 12 भरा, नाहीतर दुसऱ्यांची मतं घेताना स्वतःचं राहून जातं.

प्रश्न : शिक्षक आमदाराच्या निवडणुकीत सगळ्या शिक्षकांना मत असतं का? मागच्या यादीत माझं नाव होतं.
– एक माध्यमिक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : नाही. शिक्षक आमदार म्हणजे विधान परिषदेवर शिक्षकांनी निवडून दिलेला आमदार. त्याला मत राज्यघटनेच्या अनुच्छेद 171 प्रमाणे माध्यमिक शाळेपासून वर शिकवणाऱ्यांनाच. प्राथमिक शिक्षकांना वगळणं आम्हाला पटत नाही, पण ते पदवीधर असतील तर पदवीला तीन वर्षं झाल्यावर फॉर्म 18 भरून कोकण पदवीधर मतदारसंघात येऊ शकतात. तुम्ही शिक्षक मतदारसंघाचा फॉर्म 19 भरा. अर्हता दिनांकापूर्वीच्या (मतदाराची पात्रता ज्या तारखेला मोजतात, तिच्या आधीच्या) सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, जुन्या नावावर विसंबू नका. मत पसंतीक्रमाने : केंद्रावर मिळालेल्याच पेनाने पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे 1 हा आकडा लिहायचा, पुढचे आकडे ऐच्छिक. बरोबरची खूण किंवा सही केली की मत बाद.