सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड आणि घरातली जुनी पॉलिसी

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून आई ६८ वर्षांची आहे. वडिलांना निवृत्तिवेतन मिळते आणि आमचे रेशनकार्ड पांढरे आहे, त्यामुळे सरकारी विम्याच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. वडिलांना मधुमेह आहे आणि दोघांच्या खासगी पॉलिसीचा हप्ता दरवर्षी वाढतो आहे. सत्तरीवरील सर्वांना पाच लाखांचे संरक्षण मिळते ते आम्हाला लागू होते का, आणि होत असल्यास पॉलिसी बंद करावी का?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वडिलांना ते लागू होते. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती गरीब कुटुंबांपुरती होती. मात्र २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, तिचा लाभ घेता येतो. निवृत्तिवेतन, रेशनकार्डाचा रंग किंवा खासगी पॉलिसी यांपैकी काहीही आड येत नाही आणि आधीपासूनचा मधुमेहही पहिल्या दिवसापासून धरला जातो. वर्षाला ५ लाखांची ही मर्यादा कुटुंबाची असल्याने आईंनी सत्तरी ओलांडल्यावर ती दोघांत वाटली जाईल. तोपर्यंत आईंसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी, कारण विस्तारानंतर तीत पांढऱ्या रेशनकार्डधारकांचाही समावेश झाला आहे.

सत्तरीवरील व्यक्तींना मिळणाऱ्या या योजनेच्या ‘वय वंदना’ कार्डासाठी आधार पुरते आणि वयही आधारवरूनच ठरते. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर भलतीच तारीख, असा घोळ आपल्याकडच्या पिढीत घरोघरी आहे, तेव्हा तो आधी निस्तरावा. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर पुष्कळदा उमटत नाहीत. अशा वेळी ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, आणि नेमका तोच नातवाने केव्हाच बदललेला असतो.

आता मुख्य मुद्दा. हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. वडिलांच्या दरमहाच्या मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी आणि नेहमीच्या रक्ततपासण्या यांचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्याच काळातील त्या आजाराशी निगडित तपासण्या व औषधे यात येतात. शिवाय रुग्णालय योजनेत असणे आणि आपल्याला हवी ती शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून अनामत रक्कम भरण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) गाठून, कोणत्या उपचारासाठी मंजुरी मागितली आहे, हे विचारावे. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर फोन करावा.

पॉलिसी मात्र आमच्या मते एवढ्यात बंद करू नये. आपले नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात आहेत ते योजनेत नसेल, तर ऐनवेळी तीच उपयोगी पडेल. आणि एकदा सोडल्यावर या वयात नवी पॉलिसी मिळणे कठीण, मिळालीच तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. हप्ता अगदीच झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी करून घेता येते का, ते कंपनीला विचारावे.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा माजी सैनिक असून माझ्याकडे ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड आहे. मी हे नवे कार्डही काढावे का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपल्याला दोन्हींपैकी एकच निवडता येते. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये बाह्यरुग्ण तपासणी व रोजची औषधेही मिळतात, जी आयुष्मानमध्ये मिळत नाहीत. त्यामुळे केवळ शेजाऱ्याने काढले म्हणून आपण कार्ड बदलू नये.