सगळं फुकट मिळतंय, मग आपल्याला पैसे कोण देणार?

तू लिहिलंयस की सहा महिने खपून 200 स्कॉलरशिपची एक्सेल शीट बनवली, विकायला ठेवली, आणि मित्र म्हणाले 'हे तर त्या त्या साइटवर फुकटच आहे की', तर आता हे सोडून सरळ नोकरी शोधू का.

मित्र बरोबर बोलले, पण अर्धंच. माहिती फुकट आहे हे खरंय, पण अर्ज भरणाऱ्या पोराला 200 नावं नकोच असतात रे, त्याला त्याच्या मार्कांत, वयात, घरच्या उत्पन्नात बसणाऱ्या पाच हव्यात, आणि कुठली कागदपत्रं आधी काढायला टाकायची ते कुणीतरी सांगायला हवंय. तुझ्या शीटमध्ये ते शोधायचं काम तू त्याच्यावरच टाकलंयस, मग तो पैसे कशाचे देणार?

रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचं बघ. ते विकतात ते लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, मुळात फुकट, त्याचा कोडही उघडा, तरी कंपन्या त्यांना दरवर्षी पैसे देत आल्या, कारण अपडेट वेळेवर येतात आणि काही अडलं तर फोन उचलणारा माणूस असतो. 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला घेतली. आपण काय तेवढं करायला निघालो नाहीये, पण मुद्दा तोच.

माझंही सुरुवातीला असंच झालं होतं. कोर्सेसची जाडजूड फाइल बनवली, कुणी घेईना. नंतर तीच फाइल समोर ठेवून एकेकाशी तासभर बोलायला लागलो तेव्हा लोक फी द्यायला लागले, फाइल मात्र कुणी मागितली नाही 😄

म्हणून आता ॲप वगैरे बनवायच्या भानगडीत लगेच पडू नकोस. आधी तीन जणांचं काम हाताने कर, एकेकाची यादी, तारखांची आठवण, अर्ज एकदा तपासून देणं, आणि फी थोडी का होईना पण घे, कारण फुकटात सगळेच छान म्हणतात. तिघांनीही जे विचारलं तेवढंच पुढे प्रॉडक्ट म्हणून बनव. स्कॉलरशिप मिळवूनच देतो असं मात्र चुकूनही म्हणू नकोस, ते तुझ्या हातात नाही.

अजून एक, दुसऱ्यांच्या साइटवरचा मजकूर जसाच्या तसा उचलू नकोस. तारीख, रक्कम, अटी तुझ्या शब्दांत लिही आणि मूळ लिंक दे. फुकट वाचता येतं म्हणजे विकता येतं असं नसतं, लायसन्स बघावं लागतं. विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन आणि त्याच लायसन्सखाली विकायलाही चालतो, पण कुठे 'नॉन-कमर्शियल' लिहिलेलं असेल तर तिथे हात लावायचा नाही.

नोकरी शोधतोयस तर शोध, हे संध्याकाळी दोन तासांत होण्यासारखं आहे. आणि शीटमध्ये 'शेवटची तारीख'च्या शेजारी 'कधी तपासली' असा एक कॉलम आजच टाक, मला पाठवलेल्या शीटमध्ये तो नव्हता आणि दोन तारखा तर मागच्या वर्षीच्या होत्या.