बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये रनर (बेसवरून पुढच्या बेसकडे पळणारा खेळाडू) फिल्डरला चुकून धडकला, मुद्दाम काही केलं नाही, तरी त्याला आऊट का देतात?

आऊटच. ‘मुद्दाम’ हा शब्द आधी डोक्यातून काढा. मारलेला बॉल फिल्डर घेत असेल तर जागा त्याची, वळसा रनरने घालायचा. एका फिल्डरने दुसऱ्याकडे फेकलेल्या बॉलचं वेगळं, तिथे मुद्दाम आडवं आल्याशिवाय आऊट नाही. लोक हे दोन्ही एकत्र कालवतात आणि अंपायरच्या नावाने शंख करतात.

आमचे साडू त्यातलेच. क्रीडाशिक्षक आहेत. आंतरशालेय सॉफ्टबॉलला मी अंपायर होतो, समोर त्यांच्या मुली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, ग्राउंडर (जमिनीवरून घसरत जाणारा फटका) शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे. ती वाकलेली, ग्लोव्ह मातीला टेकलेला, आणि दुसऱ्या बेसवरची पोर मागे बॅटरकडे बघत पळताना थेट तिच्या खांद्यावर. बॉल दोघींना चुकवून आऊटफिल्डमध्ये. मी हात वर केले: डेड बॉल (खेळ तिथेच थांबला), रनर आऊट. तिसऱ्या बेसवरून होमला (जिथे रन पूर्ण होतो) पोचलेली मुलगीही तिसऱ्यावर परत. साडू तावातावाने आत आले, “अहो, लहान पोर आहे, मुद्दाम केलं का तिने?” म्हटलं, “डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट) मोडायला मुद्दाम केलं असतं तर आणखी एक आऊट दिला असता.”

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय. त्यात 2024 च्या मे महिन्यात शिकागोत मेजर लीग बेसबॉलची व्हाइट सॉक्स-ओरिओल्स मॅच अशाच निर्णयावर संपली. नववी इनिंग, इनफिल्ड फ्लाय, म्हणजे बेसजवळच उंच उडालेला सोपा कॅच, त्यावर बॅटर आपोआप आऊट. आणि दुसऱ्या बेसजवळचा व्हाइट सॉक्सचा रनर अँड्र्यू व्हॉन ओरिओल्सचा शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला म्हणून तोही आऊट. साडूंनी लगेच क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकली, वर “लीगच म्हणते, आऊट दिलाच पाहिजे असं नव्हतं!” अहो, हेंडरसनने कॅच घेतला होता. तुमच्या पोरीमुळे आमच्या शॉर्टस्टॉपचा बॉल सुटला. दोन्ही एकच कसं?

तुम्ही कोच असाल तर पोरांना फिल्डरच्या मागून पळायला शिकवा, अंपायरला नंतर शिकवा.

हां, राहिलंच. रनरचा पाय बेसवर असेल तर मुद्दाम अडवल्याशिवाय आऊट नाही. दोन फिल्डर बॉलवर धावले तरी संरक्षण एकालाच. बॉलशी संबंध नसताना फिल्डरच वाटेत उभा असेल तर चूक त्याची. सॉफ्टबॉलमध्ये फेकलेल्या बॉलच्या नियमाचे शब्द पुस्तकागणिक बदलतात, आपलं पुस्तक बघून घ्या.

आणि त्या पोरीचा पाय बेसवर नव्हता, चांगली चार पावलं पुढे होती. साडू म्हणतात तीन.