वाचनालयातून काय आणावे?

आमच्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर वर्षभर जे विचारले जाते, तेच थोड्याफार फरकाने या महिन्याच्या टपालातही आले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझी मुलगी सात वर्षांची असून इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी उत्तम बोलते, परंतु जोडाक्षर आले की अडखळते आणि पुस्तक मिटून ठेवते. सासूबाईंच्या मते ‘श्यामची आई’पासून सुरुवात करावी. आपले मत काय? (एक पालक, पुणे)

सासूबाईंची निवड चुकीची नाही, फक्त पुस्तक मुलीच्या हातात न देता त्यांच्याच हातात द्यावे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत, म्हणजे ते मुळातच सांगण्या-ऐकण्याच्या घाटात बांधलेले आहे. आजीने रोज एक रात्र वाचावी आणि नातीने ऐकावी, यासारखी सोय नाही.

मुलीने स्वतः वाचण्यासाठी मात्र माधुरी पुरंदरे यांची पुस्तके न्यावीत. लिहिणारा आणि चित्रे काढणारा हात एकच असल्यामुळे त्यांच्या पुस्तकांत जे शब्दाने अडते ते चित्रातून सुटते. ‘राधाचं घर’ या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटे पुस्तक आहे आणि त्यांतली भाषा आपल्या मुलीच्या कानावर रोज पडते तीच आहे. त्याच्या जोडीला विंदा करंदीकरांचे ‘एटू लोकांचा देश’ न्यावे आणि त्यातील कविता दोघींनी मिळून मोठ्याने म्हणाव्यात, कारण ताल सापडला की जोडाक्षर कधी ओलांडले गेले हे मुलांच्या ध्यानातही येत नाही. अडखळली तर लगेच दुरुस्त करू नये. (ही सूचना मी खिडकीवर अनेक आईवडिलांना केली आहे, पाळणारे थोडेच आढळले.)

शाळेत दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर लिहावे लागते. बोधाच्या गोष्टींचा मला कंटाळा येतो. कमी पानांचे पुस्तक सांगावे. (इयत्ता आठवी, अहिल्यानगर जिल्हा)

बोधाचा कंटाळा मलाही येतो, तेव्हा संकोच नको. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तू अजून वाचला नसशील, तर आधी तो ने. फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा संकटात स्वतःहून शिरतो आणि तोंडाने ‘ट्टॉक’ करत बाहेर पडतो. पुढच्या महिन्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ राखून ठेवायला सांग. १९५५ सालची ही कादंबरी लहानशीच आहे. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि मेंढरांमागे हिंडणाऱ्या मुलांना शाळेत आणायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शेवट मी सांगणार नाही. शाळेसाठी लिहिताना तूही सांगू नकोस.

मी निवृत्त शिक्षक आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या तासाहून अधिक वाचवत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, आता खरे काही वाचावे असे वाटते. (एक वाचक, सातारा)

आपल्यासाठी पहिले नाव विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता, त्यामुळे राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीचे वर्णन येथे डोळ्यांनी पाहणाऱ्याचे मिळते. एक गोष्ट मात्र जपावी. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी हे पुस्तक प्रथम छापले तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. ग्रंथपालांकडे पोतदारांची प्रत आवर्जून मागावी, कारण गोडसे भटजींचा खरा आवाज तिच्यात आहे.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. ग्रंथ जाडजूड असला तरी प्रसंग छोटे छोटे आहेत आणि अर्ध्या तासात दोन-तीन सहज होतात. सोवळ्याने पछाडलेले वडील, तऱ्हेवाईक कविपती, १८९५ साली त्या पतीने केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि त्यानंतरची ताटातूट, एवढे सगळे सोसलेली बाई स्वतःवरच हसत हे सांगते. मराठीत याहून चांगले आत्मचरित्र मला तरी ठाऊक नाही. नेण्यापूर्वी दोन-तीन आवृत्त्या कपाटातून काढून घेऊन अक्षराचा आकार पाहावा. जुन्या प्रतींचा टाइप बारीक आणि कागद पिवळा असतो, त्याने आपल्या डोळ्यांना त्रास होईल.

अर्धवट वाचलेले पुस्तक परत करताना लाज वाटते. काय करावे? (एक गृहिणी, डोंबिवली)

निःसंकोच परत करावे आणि दुसरे न्यावे. खिडकीवर कोणी परीक्षा घेत नाही. पुन्हा कधी तेच पुस्तक नेण्याचा विचार असेल तर पानाचा कोपरा मात्र दुमडू नये, पान क्रमांक वहीत लिहून ठेवावा; खूण म्हणून ठेवलेली बसची तिकिटे आम्ही पुस्तक कपाटात लावताना काढून टाकतो.