जुन्या गाडीवर जीव जडलेल्या तरुणास

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांविषयी तुला एवढी ओढ का वाटावी आणि ती आजच्या काळापासूनची पळवाट तर नाही ना, असे तू विचारले आहेस. मला ती पळवाट वाटत नाही. मात्र त्या ओढीतून तुला नेमके काय हवे आहे, हे तू स्वतःशी स्पष्ट करून घ्यावेस, कारण ‘जुना साधा काळ’ असे म्हणताना आपण पुष्कळ गोष्टींची एकच मोट बांधतो आणि त्यांतल्या काही मुळीच साध्या नव्हत्या.

फोर्डची मॉडेल टी घे. १९०८ ते १९२७ या काळात ती सुमारे दीड कोटी बनली आणि साधेपणाचे उदाहरण म्हणून आजही तिचेच नाव घेतले जाते. पण तिचा अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नसून स्टिअरिंगखालच्या दांडीत होता, डावे पेडल पूर्ण दाबले की खालचा गिअर पडे व सोडले की वरचा, आणि मधले पेडल गाडी मागे नेण्यासाठी होते. पेट्रोल खेचणारा पंप तिला नव्हता; ते केवळ उतारामुळे टाकीतून इंजिनाकडे येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल तर खडा चढ लोक गाडी उलटी करून, रिव्हर्समध्ये चढत. इंजिन हाताने हँडल फिरवून सुरू करताना ठिणगीची वेळ मागे घ्यायचे राहिले तर ते हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, तेव्हा त्याचे स्वागत झाले ते उगीच नव्हे.

मग साधे काय होते? माझ्या मते, बिघाड आणि त्याचे कारण यांच्यातले अंतर फार कमी होते. इंजिन फिरते आहे पण सुरू होत नाही, अशा वेळी प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढून, त्याची वायर पुन्हा जोडून, तो इंजिनाच्या धातूला टेकवून पाहायचा. ठिणगी पडली नाही तर डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाचे, झाकण उघडून पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर, शिवाय ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल तपासायची. ठिणगी पडत असेल तर कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, पेट्रोल पोहोचते का ते बघायचे. (ठिणगी बघताना आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री आधी करून घेत जा.) प्लगच्या टोकावर काळी, कोरडी काजळी धरली असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते आहे, ते पांढरट पडले असेल तर बहुधा कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक आहे. एवढे ज्ञान गाडीच्या मालकाच्या आवाक्यात होते आणि त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. इलेक्ट्रॉनिक इग्निशनने पॉइंट झिजण्याची कटकट संपवली आणि ते चांगलेच झाले. तरीही यंत्राशी माणसाचा जो थेट परिचय होता तो कमी झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुलाही बहुधा हाच परिचय हवा आहे, आणि ती इच्छा सर्वस्वी योग्य आहे.

त्या काळाचा हिशेब मात्र पुरता मांड. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वोचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये दिला. त्याआधीच्या बहुतेक सुंदर गाड्यांत अपघातात सापडलेल्या माणसाला जवळजवळ काहीच संरक्षण नव्हते. इंजिनाची ठोकर (इंधन अवेळी पेटल्याने होणारी ठकठक) थांबावी म्हणून पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती १९२१ मध्ये सापडली आणि मोटारींच्या पेट्रोलमधून ते जगभरातून पूर्णपणे हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. मधल्या काळात ते मुलांच्या रक्तात जात राहिले. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याने हे विसरू नये, असा माझा आग्रह आहे.

गाडी घेताना चकाकी पाहू नकोस. इंजिन पुन्हा बांधता येते, पण रंगाखाली लपलेला फ्लोअरचा आणि चॅसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, गंज सगळी हौस जिरवतो. पहिली गाडी दुर्मीळ नसावी. फोक्सवॅगनच्या बीटलसारखी, जिचे उत्पादन २००३ पर्यंत मेक्सिकोत चालू होते आणि जिचे सुटे भाग अजून मिळतात, अशी असावी. मूळ रंग टिकून असेल तर तो खरवडू नकोस. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्युरिनची सनदही जतनाला नूतनीकरणाच्या आधी स्थान देते, आणि ते मला पूर्ण पटते. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घे. आणि कार्ब्युरेटरच्या आवाजावरून मिश्रण जुळवणारा एखादा वयस्क मिस्त्री भेटला, तर तो काम करत असताना त्याच्याजवळ उभा राहा. हाताला जे ठाऊक असते ते त्याला निवांत बसून सांगता येईलच असे नाही.

तू पाहून ठेवलेली गाडी बराच काळ उभी आहे, असे लिहितोस. ती सुरू करण्याचा मोह आवर. आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदल, कारण आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर खराब करते; टाकी रिकामी करून धुऊन घे आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घे. मगच प्लग काढ आणि त्यांचा रंग कसा आहे ते मला सविस्तर कळव.

तुझा शुभचिंतक